सांगलीतून लिबरल आर्ट्स कॉलेजला अर्ज करताय? आधी कागद, मग निबंध

दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की मला फोन यायला लागतात. पोरगं हुशार, निबंध तयार, कॉलेजांची यादी तयार, शेवटची तारीख चार दिवसांवर, आणि मग कळतं की नववीचं प्रगतिपत्रक सापडत नाही, प्राचार्यांनी ईमेल उघडलेलीच नाही आणि घरातून वर्षाला किती पैसे देता येतील हे कुणी एका जागी बसून कधी लिहिलेलंच नाही. हुशारी कमी पडत नाही हो, क्रम उलटा होतो. मी तासगावकडचा, असल्याच एका छोट्या कॉलेजात चार वर्षं काढून आलोय, आणि माझा पहिला अर्ज असाच उलट्या क्रमामुळं वाया गेला होता, म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतो.

बोलतोय ते अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, ग्रिनेल, बोडन असल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांबद्दल, म्हणजे छोटी कॉलेजं, जिथं आधीच ब्रँच न धरता वेगवेगळे विषय शिकत चार वर्षांची डिग्री करतात. (बोडनचं स्पेलिंग बघून पोरं बोडॉइन म्हणतात, इंटरव्ह्यूत तेवढं सांभाळा.) बारावी सुरू होते त्या जूनला कामाला लागलात तर नीट होतं, अकरावीच्या मे महिन्यात लागलात तर आणखी चांगलं.

१. सगळ्यात आधी घरात पैशाचं बोला

ह्या कॉलेजांचा वर्षाचा सगळा खर्च सध्या ८५ हजार डॉलरच्या वर जातो, म्हणजे ७० लाखांच्या पुढं. आकडा बघून घाबरू नका पण लपवूही नका. यातली बरीच कॉलेजं घराची ऐपत बघून उरलेला सगळा खर्च स्वतः उचलतात. भानगड अशी की परदेशी मुलांच्या बाबतीत बहुतेक कॉलेजं 'हा किती मदत मागतोय' हे ॲडमिशन देताना बघतात. याला नीड-अवेअर म्हणतात. ॲमहर्स्ट आणि बोडन परदेशी मुलांसाठीसुद्धा नीड-ब्लाइंड आहेत, म्हणजे मदत मागितली म्हणून अर्ज मागं पडत नाही. बाकी ठिकाणी पडू शकतो.

म्हणून एका संध्याकाळी आई-वडील आणि जमीन एकत्र असेल तर चुलतेसुद्धा, सगळे बसा आणि वहीच्या एका पानावर तीन गोष्टी लिहा. वर्षाला घरात येतात किती, जमीन न विकता शिक्षणाला देता येतील किती, आणि विमानाचं तिकीट, व्हिसा, पहिल्या महिन्याचा खर्च कोण करणार. दुसरा आकडा खरा पाहिजे. 'बघू, होईल काहीतरी' हा आकडा नाही.

थांबा: ॲडमिशन तरी मिळू दे, मदत नंतर मागू असं करू नका. बहुतेक कॉलेजांत परदेशी मुलानं अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढं चार वर्षं मागता येत नाही.

आणि एक, बारावी झाल्यावर 'सेफ्टी म्हणून' कॅपमधून इंजिनिअरिंगला ॲडमिशन घ्यायची आणि पुढच्या वर्षी इकडं अर्ज करायचा, हे करताना दहादा विचार करा, कारण डिग्रीला नाव नोंदवलं की तुम्ही ट्रान्सफर विद्यार्थी होता आणि परदेशी ट्रान्सफर मुलांना मदत फार कमी ठिकाणी मिळते. एक वर्ष थांबायचंच असेल तर कुठं ॲडमिशन न घेता थांबा. शेजारचे विचारतील काय करतोय पोरगा, विचारू दे.

२. यादी, आठ-दहाचीच

कॉमन ॲपवर (एकाच फॉर्मवर बऱ्याच कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट) २० कॉलेजं टाकता येतात म्हणून २० टाकणारे असतात. प्रत्येकाचे वेगळे निबंध असतात, जीव जातो. आठ-दहा पुरे, त्यात एक-दोन ॲमहर्स्ट-पोमोनासारखी जिथं शंभरात दहासुद्धा घेत नाहीत, आणि बाकीची जिथं परदेशी मुलांना मदत मिळते आणि तुमचा जरा तरी मेळ बसतो. शिवाय इथली, भारतातली, एक-दोन.

अर्जाची फी बघा. ग्रिनेल आणि स्मिथ फी घेत नाहीत (स्मिथ फक्त मुलींसाठी). बाकी ठिकाणी फी माफी मागता येते का ते आधी बघा, आणि फी भरायची असेल तर गावातल्या सहकारी बँकेचं रुपे कार्ड रात्री अकरा वाजता चालत नाही हे आत्ताच सांगून ठेवतो. इंटरनॅशनल व्यवहार चालू असलेलं कार्ड ऑगस्टमध्येच एकदा वापरून बघा.

कन्सल्टन्सीवाल्यांकडं जाण्याआधी एवढं विचारा, तुम्हाला कॉलेजकडून कमिशन मिळतं का? मी वर नावं घेतली असली कॉलेजं एजंटला कमिशन देत नाहीत, त्यामुळं तो तुम्हाला भलतीकडंच वळवणार, त्याचंही पोट आहे. सल्ला हवाच असेल तर मुंबईत एज्युकेशन यूएसएचं केंद्र आहे, अमेरिकन सरकारचंच आहे ते.

३. शाळेचे कागद: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

लागतात ते असे: नववी ते अकरावीचे मार्क, बारावीत झालेल्या परीक्षांचे मार्क, शाळेची माहिती देणारा एक कागद (स्कूल प्रोफाइल), काउन्सेलरचं पत्र आणि साधारण दोन शिक्षकांची पत्रं. आपल्याकडं काउन्सेलर नसतो, ते काम प्राचार्य किंवा उपप्राचार्य करतात.

आपली अडचण अशी की दहावीपर्यंत एक शाळा आणि अकरावी-बारावी दुसरं कॉलेज, त्यामुळं दोन्हीकडं फेऱ्या. कॉमन ॲपवर दोन्ही संस्था टाका. नववीचं प्रगतिपत्रक घरात सापडत नसेल तर शाळेच्या क्लार्कला भेटा. जूनमध्ये जाऊ नका, ॲडमिशनची गर्दी असते, तो तुमच्याकडं बघणार पण नाही. जुलैच्या शेवटी, दुपारी जेवणानंतर जा आणि काय पाहिजे ते कागदावर लिहून न्या: लेटरहेडवर, त्या संस्थेतल्या प्रत्येक वर्षाचे विषय आणि मार्क, शंभरपैकी की किती ते, सही, शिक्का, तारीख. तोंडी सांगितलं तर बोनाफाइड हातात पडतो. पडतोच.

टक्क्यांचं जीपीए (अमेरिकेत चारपैकी काढतात ती सरासरी) करत बसू नका. नेटवरच्या त्या कन्व्हर्टरनं ८४ टक्क्यांचं काहीतरी ३.२ करून पोरं स्वतःचंच नुकसान करून घेतात. मार्क जसे आहेत तसे द्यायचे. आपल्या बोर्डात ८४ म्हणजे काय, हे स्कूल प्रोफाइलमध्ये सांगायचं: बोर्ड कुठलं, वर्गात किती मुलं, कुठले विषय मिळतात, गेल्या वर्षी किती जणांना ७५ च्या वर पडले. कच्चा मसुदा तुम्ही करून द्या, प्राचार्य तपासून सही करतील, नाहीतर तो कागद होतच नाही.

आता शिक्षकांची पत्रं. ज्यांनी जेईई-नीटच्या क्लाससोबत 'इंटिग्रेटेड' ॲडमिशन घेतलीय, म्हणजे कॉलेज फक्त कागदावर, त्यांची इथं पंचाईत होते. कॉलेजातले सर तुम्हाला ओळखतच नाहीत आणि ओळखतात ते क्लासचे सर, ज्यांचं पत्र शाळेचं पत्र म्हणून चालत नाही. अकरावीतच असाल तर आठवड्यातनं दोन दिवस तरी कॉलेजात जा, प्रॅक्टिकलला तरी जा, प्रश्न विचारा, दिसा.

सरांना विनंती केली की ते म्हणतात 'तूच लिहून आण, मी सही करतो'. नाही म्हणायला जड जातं, पण लिहून देऊ नका. 'सिन्सिअर, ओबिडियंट, बेअर्स गुड मॉरल कॅरेक्टर' असली पत्रं तिथं पोत्यानं येतात. त्याऐवजी एका पानावर आठवणी लिहून द्या. 'सर, रेझोनन्सच्या प्रयोगाला माझं उत्तर तीनदा चुकलं, मग तुम्ही म्हणालात नळी बघ आणि नळीला तडा होता', अशा दोन-तीन. सर त्यावरनं मराठीत बोलले तरी पुढचं पत्र वेगळं होतं.

माझं काय झालं ते इथंच सांगतो. पत्र ऑनलाइन भरायची प्राचार्यांच्या नावाची लिंक मी ऑफिसच्या ईमेलवर पाठवली, तो ईमेल बघायचा क्लार्क, आणि ती लिंक स्पॅममध्ये फेब्रुवारीपर्यंत पडून राहिली. मी मात्र घरी रोज 'वाट बघतोय' म्हणत बसलो होतो.

तपासा:
- पत्र देणाऱ्या प्रत्येकासमोर बसून, त्यांच्याच फोनवर लिंक उघडून बघितली का?
- ईमेल शाळेच्या नावाचा आहे का? नसेल तर तसं एक पत्र लेटरहेडवर जोडा.
- पत्र वाचायचा हक्क सोडतो, या चौकोनात टिक केलीय का? ती करा, नाहीतर पत्राला वजन राहत नाही.
- गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्या मोजल्या का?

४. नाव सगळीकडं एकच

बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुमचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. आधारवर स्पेलिंग तिसरंच. अर्ज, परीक्षा, आर्थिक फॉर्म सगळं पासपोर्टप्रमाणं भरा आणि पासपोर्ट आधी काढा. वडिलांचं नाव एकीकडं मधलं नाव म्हणून टाकलं आणि दुसरीकडं नाही टाकलं तर कॉलेजच्या सिस्टिममध्ये तुमची दोन माणसं होतात आणि एकाचे मार्क दुसऱ्याला मिळत नाहीत.

५. परीक्षा

यावर फार वेळ घालवू नका. एसएटी, म्हणजे अमेरिकन कॉलेजांची प्रवेश परीक्षा, आता लॅपटॉपवर असते, २ तास १४ मिनिटं, १६०० पैकी. बरीच कॉलेजं ती मागत नाहीत, बोडननं तर १९६९ पासनंच ऐच्छिक ठेवलीय. पण नियम बदलत राहतात, त्या त्या कॉलेजच्या पानावर बघा. मार्क चांगले आले तर पाठवा, नाहीतर सोडा. इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा बऱ्याच ठिकाणी ड्युओलिंगो चालते, मराठी माध्यमातून आलेल्यानं एक तरी द्यावी. सेंटर पुण्याला मिळालं तर आदल्या रात्री मुक्कामाला जा, पहाटेच्या गाडीवर आणि खंबाटकी घाटावर भरवसा ठेवू नका.

६. कॉमन ॲप भरताना

१ ऑगस्टला उघडतं. ॲक्टिव्हिटीचे १० रकाने आणि प्रत्येकाला वर्णनाला १५० अक्षरं, शब्द नव्हे. इथं पोरं चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा आणि सहावीतला वक्तृत्वाचा दुसरा नंबर भरतात आणि खरं काम लिहायचंच विसरतात. रोज सकाळी डेअरीला दूध घालून येणं, आजीला डायलिसिसला घेऊन जाणं, दुकानाचा हिशोब ठेवणं, हे सगळं तिथं लिहायचं असतं, त्यासाठी वेगळा प्रकारच दिलाय. आठवड्याला किती तास ते खरं लिहा. सगळ्याचे तास जोडून आठवड्याचे ९० होत असतील तर वाचणाऱ्यालाही बेरीज येते.

अर्ली डिसिजन म्हणजे ॲडमिशन मिळाली तर यायचंच, असा करार. एकाच कॉलेजला करता येतो, तारीख साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर. त्यावर तुमची, पालकांची आणि प्राचार्यांची, अशा तिघांच्या सह्या असतात. तेव्हा वडिलांना आणि प्राचार्यांना हे मराठीत समजावून सांगा, नुसती सही घेऊ नका. रेग्युलरची तारीख १ ते १५ जानेवारीच्या आसपास, म्हणजे तुमची पूर्वपरीक्षा आणि प्रॅक्टिकल डोक्यावर असताना. म्हणून निबंध दिवाळीपर्यंत संपले पाहिजेत.

७. निबंध

मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्द. सांगली-साताऱ्याकडनं येणारे निबंध मी बरेच वाचलेत, आणि त्यातले निम्मे २०१९ च्या महापुरावर असतात. वाईट वाटतं सांगायला, पण आयर्विन पुलावरचं पाणी, होडीतनं आलेली मदत आणि शेवटी 'मला माणुसकी कळली', हे सगळ्यांचं एकच झालंय. पुरात तुम्ही स्वतः काही ठरवलं असेल, काही चुकलं असेल, तर लिहा. नुसता पूर आला म्हणून नको. कलाम सरांचं वाक्य पण नको.

एका पोराचं उदाहरण देतो. त्याचा पहिला मसुदा 'लहानपणापासून मला विज्ञानाची आवड' असा होता. मी विचारलं सुट्टीत काय करतोस, तर म्हणाला चुलत्याच्या बेदाण्याच्या शेडवर असतो. मग काय करतोस तिथं, तर म्हणाला काही नाही, हवेतल्या ओलाव्याचा मीटर लावलाय आणि वहीत रोज रात्री आकडा लिहितो, अवकाळीचं वातावरण झालं की पडदे कधी सोडायचे ते त्यावरनं ठरवतो. वही आणायला लावली. चिकट डाग पडलेली, प्रत्येक पानावर तारीख, ओलावा, आणि कडेला पेन्सिलनं 'काका: सोड' किंवा 'काका: नको'. सगळं मोजलं तर चुलत्याचा वास घेऊन केलेला अंदाज मीटरपेक्षा जास्त वेळा बरोबर निघाला होता, आणि का निघाला असेल हे तो दोन वर्षं शोधत होता. झाला की निबंध! त्यानं शेवटी उत्तर पण दिलं नाही, प्रश्न तसाच ठेवला, आणि तेच बरं झालं.

थांबा: निबंध एआयकडनं लिहून घेऊ नका, इंग्रजीच्या सरांकडनं भारी शब्द घालून घेऊ नका. व्याकरण तपासून घ्या, बास. 'आमचंच कॉलेज का' या निबंधात नाव बदलून दुसऱ्या कॉलेजला चालेल असं एकही वाक्य ठेवू नका.

८. सीएसएस प्रोफाइल: इथं शेतकऱ्याची पोरं अडकतात

आर्थिक मदतीसाठी बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल मागतात, म्हणजे घरच्या उत्पन्नाची आणि मालमत्तेची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. भरायला परवडत नसेल तर कॉलेजला आधी ईमेल करा, काही कॉलेजं माफीचा कोड किंवा दुसरा फुकटचा फॉर्म देतात. याची तारीख ॲडमिशनच्या तारखेपेक्षा वेगळी असू शकते, वेगळी लिहून ठेवा.

नोकरी असेल तर फॉर्म १६ आणि इन्कम टॅक्स रिटर्न, विषय संपला. शेती असेल तर खरी कसरत. शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही म्हणून रिटर्न नाही, म्हणून पोरं उत्पन्न शून्य लिहितात, आणि मग कॉलेज विचारतं शून्यात जेवता काय? तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडा, पण त्यावरचा आकडा आणि बँकेतली जमा यांचा मेळ बसला पाहिजे. बसत नसेल तर का ते लिहा.

उसाचं बिल हप्त्याहप्त्यानं येतं आणि त्यातनं सोसायटीचं पीक कर्ज आधीच कापलेलं असतं. पासबुकात दिसतं ते उरलेलं. तेव्हा कारखान्याच्या पावत्या काढा, पूर्ण रक्कम एका रकान्यात, कपात आणि खर्च दुसऱ्यात. हळदीच्या, बेदाण्याच्या पट्ट्या असतील तर तसंच. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, कुठलं वर्ष धरलंय ते लिहा. आकडे रुपयांत मागितलेत की डॉलरमध्ये ते दोनदा बघा.

जमीन. सातबाऱ्यावर अकरा नावं असतात, आजोबा वारलेले तरी नाव तसंच, आत्यांची नावं लागलेली. सगळी जमीन स्वतःची म्हणून लिहिलीत तर तुम्ही बागायतदार ठरता, आणि लपवलीत तर खोटं ठरता. आठ-अ उतारा काढा, वडिलांचा हिस्सा किती ते लिहा, किंमत रेडीरेकनरनं धरा (शेजाऱ्यानं हायवेलगत विकली त्या भावानं नव्हे), आणि विशेष परिस्थितीच्या रकान्यात सरळ भाषेत लिहा की ही एकत्र कुटुंबाची जमीन आहे, वाटणी झालेली नाही, एकट्यानं विकता येत नाही. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर बाहेरच्या माणसाकडनं, सही-शिक्क्यासह.

तपासा:
- वहीच्या पानावरचा दुसरा आकडा आणि फॉर्मवरचा 'घरातून किती देऊ' हा आकडा एकच आहे का?
- कर्ज, आजारपण, द्राक्षाचं गेलेलं पीक, याचे कागद जोडलेत का?

९. सबमिट केल्यावर

काम संपत नाही. प्रत्येक कॉलेज पोर्टलचा ईमेल पाठवतं, तो स्पॅममध्ये जातो. दर सोमवारी प्रत्येक पोर्टल उघडा, काय मिळालं नाही ते लाल दिसतं. फेब्रुवारीत सहामाहीचे मार्क पाठवायचे असतात, ते प्राचार्यांना आठवण करा. अर्लीचा निकाल डिसेंबरच्या मध्याला, रेग्युलरचा मार्चअखेरपर्यंत, आणि होय-नाही १ मेपर्यंत कळवायचं. बारावी सोडून देऊ नका, शेवटची मार्कशीट त्यांना जाते.

१०. व्हिसा

कॉलेजकडनं आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद) आला की सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी ३५० डॉलर, मग डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, व्हिसाची फी सध्या १८५ डॉलर. मुंबईत बोटांचे ठसे आणि मुलाखत वेगवेगळ्या दिवशी असतात, मुक्कामाची सोय करा. अपॉइंटमेंटसाठी मे-जूनमध्ये झुंबड असते, आय-२० आल्याच्या आठवड्यातच बघा. सोशल मीडियाची खाती पब्लिक ठेवायला सांगतात. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, पाठ केलेलं भाषण नको. कुठलं कॉलेज, का, खर्च कोण करतंय, एवढं चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे. कोर्स सुरू व्हायच्या ३० दिवसांपेक्षा आधी तिथं उतरता येत नाही, तिकीट काढताना बघा.

११. पहिलं सेमिस्टर

स्वेटर-जाकीट सांगलीत घेऊ नका, आयोवा-मिनेसोटाच्या थंडीत त्याचा रुमाल होतो. तिथंच घ्या, काही कॉलेजं नव्या मुलांना उसनं पण देतात.

विषय साधारण चार घ्यायचे असतात. आपली पोरं हुशारी दाखवायला गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, कॉम्प्युटर एकदम घेतात आणि ऑक्टोबरमध्ये रडतात. एक तरी लिहिण्याचा विषय, एक असा जो कधी शिकला नाही. मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा असतो, घरून 'कुठल्या ब्रँचला आहेस' विचारत राहतील, 'अजून ठरलं नाही' म्हणायला शिका.

ऑफिस अवर्सला, म्हणजे प्रोफेसर मुलांना भेटायला बसतात त्या ठरलेल्या वेळेला, जा. आपल्याकडं सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी चुकलंय असं वाटतं, तिथं न जाणारा मुलगा त्यांना दिसतच नाही. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक प्रोफेसरकडं एकदा, शंका नसली तरी. वर्गात बोलण्याला मार्क असतात. आणि पुस्तकातलं, नेटवरचं वाक्य नाव न देता उतरवणं हा तिथं गुन्हा आहे, 'सगळेच करतात' चालत नाही.

कॅम्पसवर सेमिस्टरमध्ये आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, बाहेर नाही, ओळखीच्या मराठी माणसाच्या दुकानात रोखीनं तर अजिबात नाही. राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या मदतीवर टॅक्स लागू शकतो, पहिल्याच महिन्यात कॉलेजच्या ऑफिसला विचारून ठेवा, मला हे जानेवारीतलं बिल आल्यावर कळलं होतं. कमाई नसली तरी दरवर्षी तिथल्या टॅक्स खात्याचा ८८४३ नंबरचा फॉर्म भरायचा. सुट्टीत घरी येताना आय-२० वर प्रवासाची सही आहे का बघा. आणि डिसेंबरच्या सुट्टीत हॉस्टेल बंद होतं का ते सप्टेंबरमध्येच विचारा, बऱ्याच ठिकाणी होतं, आणि त्या आठवड्यात गाव पण रिकामं असतं.